दोन वेढे

बुलढाण्याच्या सभेत माझ्या भावाला फेटा मिळाला. त्या दिवसानंतर तुळशीराम वस्तादांनी आखाड्यात पाय ठेवला नाही.

वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडलेला होता, त्या काळातली ही गोष्ट आहे. मी तेव्हा बुलढाण्याला शाळेत शिकत होतो आणि सुटीला देऊळघाटला घरी येत होतो. आता माझं वय दादाच्या त्या वेळच्या वयाच्या तिपटीहून जास्त आहे. दादाला जाऊन महिना झाला. महिन्याचं सारं उरकल्यावर मी गावी चार दिवस राहिलो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, काही काम नव्हतं म्हणून, नदीकडे उतरलो.

पैनगंगा आमच्याकडे लहान आहे. पुढे ती मोठी होते म्हणतात, मी पाहिलेली नाही. वाट उतरताना ओल्या मातीतून हळदीचा वास आला. तिथे जवळपास कुठे हळद नव्हती. मी थांबून पुन्हा वास घेतला, तर नुसता चिखल आणि शेवाळ.

आखाड्याच्या मातीला हळदीचा वास असे. नागपंचमीच्या आधी आठ दिवस ती माती हातभर खणून काढायची, चाळायची आणि मग तिच्यात हळद, कडुलिंबाचा वाळलेला पाला, जवसाचं तेल आणि ताक घालून तुडवायची. ताक घरोघरून येई. ज्या घरी जेवढं असेल तेवढं, लोटीभर किंवा घागरभर. आमची माय दरवर्षी त्या दिवशी म्हणे, की मातीची कढी झाली, आता तुमची नाही. आणि खरंच आठवडाभर आमच्या घरी कढी होत नसे. पहिले दोन दिवस त्या मातीला आंबूस वास यायचा, मग तो मुरायचा आणि हळदीचा तेवढा उरायचा. तो अंगाला लागला की दोन अंघोळींनी जात नसे. शाळेत माझ्या शेजारी बसणारा मुलगा मला विचारायचा, तुमच्याकडे रोज लग्न असतं का?

तुळशीराम वस्ताद जातीनं माळी. नदीकाठी त्यांची मळ्याची पट्टी होती, वांगी आणि मिरची लावत; आखाडा त्या मळ्यातच, एका कडेला. पहाटे मोट धरत, दिवस वर आला की आखाड्यात येत. कुस्ती तर ते शिकवतच, पण त्यांचा खरा हात पट्ट्यावर. कोपरापर्यंत लोखंडी खोबळा, त्याच्या पुढे उभ्या माणसाच्या छातीला लागेल इतकं लांब लवचीक पातं. ते फिरू लागलं की लांबून कापड टराटरा फाडल्यासारखा आवाज ऐकू येई. जवळ उभं राहिलं तर आवाज कमी आणि वारा जास्त. त्या वाऱ्यात लोखंडाचा आणि जवसाच्या तेलाचा वास असे. मी अजून कधी कधी कपाटाची गंजलेली बिजागरी उघडताना तो वास शोधतो.

मीही शिकत होतो. माझा हात जड. वस्ताद मला मास्तर म्हणायचे, कारण मी आखाड्यातही पुस्तक घेऊन यायचो. एकदा माझी पाळी झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "मास्तर, तुह्या पट्ट्यानं माशी तरी उडंन का बे?" सगळे हसले. दादा सर्वांत जोरात हसला. मग त्यानं खोबळा हातात घातला आणि मी पुस्तक मिटलं. दादा पट्टा फिरवायला लागला की पुस्तक मिटावंच लागे. त्याच्या भोवती एक पांढरं कडं उभं राही आणि त्या कड्याच्या आत तो अगदी निवांत दिसे, जेवून अंगणात बसल्यासारखा.

आमच्या आखाड्यात मान देण्याची एक रीत होती. दसऱ्याला वस्ताद एका गड्याचं नाव घेत. एखाद्या वर्षी कुणाचंच घेत नसत. ज्याचं नाव येई त्याला गाव फेटा देई, पण तो डोक्यावर घालायचा नसे. गडी दोन्ही तळहात पुढे करी आणि घडी केलेला फेटा हातांवर घेई. तिथून तो वस्तादांच्या पायाशी. वस्तादही तो घालत नसत. ते म्हणत, माझ्यावरही कोणी आहे. त्यांचे स्वतःचे वस्ताद घाटाखाली रोहिणखेडला होते, चांदखाँ खलिफा. मग तो गडी फेटा घेऊन पायी रोहिणखेडला जाई. खलिफा तो रातभर आपल्याजवळ ठेवत आणि सकाळी परत देत. कोजागिरीच्या दिवशी सकाळी वस्ताद आपल्या हातानं तो गड्याच्या डोक्याला बांधत. मान आधी वर जायचा आणि मग खाली यायचा.

दसऱ्यापासून पुनवेपर्यंतचे ते पाच दिवस गडी बोडक्या डोक्यानं हिंडायचा. एरवी गावात कोणी बोडकं दिसलं तर लोक विचारत, घरात कोण गेलं? पण या पाच दिवसांत बायका दारातून बोट दाखवून म्हणत, त्याचा फेटा वर गेला. मी लहानपणापासून त्या बोडक्या डोक्यांकडे पाहत आलो होतो. वेळ सीताफळांची असे. घाटातून उतरताना गडी फांद्या वाकवून फळं खात आणि परत येताना ओंजळभर घेऊन येत. त्यामुळे फेट्याला नेहमी सीताफळाचा वास लागलेला असायचा.

दादा सात दसरे थांबला होता. त्यानं तसं कधी बोलून दाखवलं नाही. पण दसऱ्याच्या सकाळी तो जेवत नसे, हे मला आणि मायला माहीत होतं.

त्या वर्षी बुलढाण्याच्या काही पुढारी मंडळींनी ठरवलं, की जिल्ह्यातल्या सगळ्या तालमींचे उत्तम गडी आणि त्यांचे वस्ताद यांचा एकत्र सत्कार करायचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मांडवात, मोठ्या साहेबांच्या हस्ते. गड्यांना फेटे, वस्तादांना शाल आणि चांदीचं पदक. वस्तादांनी दादाचं नाव दिलं. आखाड्यात कोणीतरी शंका काढली, की साहेबाच्या हातचा फेटा आपल्या रीतीत बसतो का. वस्ताद म्हणाले, साहेबाच्या हातून आला तरी तो फेटाच, पुढे तो आपल्या वाटेनं जाईल. दादानं त्या दिवशी मळ्यातल्या विहिरीवर तीन वेळा अंघोळ केली. मला यादी वाचण्याचं काम मिळालं. माझा उच्चार चांगला होता आणि मी साहेबाच्या भाषेतही चार वाक्यं बोलू शकत होतो.

मांडव मला नीट आठवतो. नव्या तट्ट्यांचा वास, पाणी शिंपडलेली धूळ, पहिल्या रांगेतल्या लोकांचं अत्तर. दादानं पट्टा फिरवला आणि वस्तादांच्या तळहातावर ठेवलेलं लिंबू कापलं. त्या लिंबाच्या दोन फोडी वस्तादांच्या हातावरच पडून राहिल्या, हाताला ओरखडा नाही. लोक उभे राहिले.

मग मी दादाचं नाव वाचलं. तो पुढे आला आणि त्यानं दोन्ही तळहात पुढे केले.

वेळ वाचावा म्हणून मंडळींनी फेटे शिंप्याकडून आधीच बांधून, आतून टाके घालून आणले होते. ते टोपीसारखे नुसते ठेवायचे होते. साहेब फेटा उचलून उभे राहिले आणि दादाच्या हातांकडे बघू लागले. त्यांना वाटलं असेल, हा अजून काही मागतो आहे. दादा हात तसेच धरून उभा. पहिल्या रांगेत कोणीतरी हसलं. मग दुसऱ्या रांगेत. मला त्या हसण्याची लाज वाटली, आणि खरं लिहायचं तर दादाच्या हातांचीही वाटली. मी यादीच्या कागदाआडून हळूच म्हणालो, "दादा, डोकं वाकव."

त्यानं वाकवलं. साहेबांनी फेटा ठेवला. टाळ्या झाल्या.

मी खालच्या रांगेत वस्तादांकडे पाहिलं. ते मान खाली घालून लिंबाच्या फोडी रुमालात बांधत होते.

नंतर वस्तादांचं नाव आलं. तेही मीच वाचलं. ते वर आले, साहेबांना त्यांनी नमस्कार केला, शालीला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि म्हणाले, "माहे वस्ताद अजून हायेत रोहिणखेडले. त्यायच्या आंधी म्या कसा घेऊ?" एवढं बोलून ते खाली उतरले. पदक टेबलावर राहिलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, की हा माणूस काय म्हणाला. मला सांगता आलं असतं. चार वाक्यांत मावलं असतं. मी खाली पाहिलं आणि यादीतलं पुढचं नाव वाचलं.

परतताना छकड्यात आम्ही तिघंच होतो. दादानं फेटा काढून मांडीवर धरला होता. वस्ताद वाटभर वांग्याच्या रोपांबद्दल बोलले. यंदा कीड लवकर पडली, राख टाकायला हवी. एक शब्द वेगळा नाही. मी मनात म्हटलं, चला, निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद आखाड्यात आले नाहीत. दादा मळ्यात गेला, मी त्याच्या मागे. वस्ताद वाफ्यात बसून रोपांवर राख टाकत होते. दादा बांधावरच थांबला. म्हणाला, "वस्ताद, गडी वाट पाहून राह्यले."

"तू हायेस ना."

"मी कोन शिकवनारा?"

वस्तादांनी वर पाहिलं नाही. "फेटा चढला तुह्या डोक्यावर. ज्याच्या डोक्यावर फेटा चढला, त्याच्यावर मंग कोनी नसते, नारायन."

ते रागानं बोलले नव्हते. आवाज रोजच्यासारखाच होता. दादा तिथून घरी आला, त्यानं मायपुढे फेटा ठेवला आणि शिंप्याचे टाके उसवायला सांगितलं. माय दिवसभर सुईनं एकेक टाका काढत होती. सांजेला फेटा पुन्हा लांब कापड झाला. त्याला जागोजागी बारीक भोकं पडली होती.

आम्ही दोघं घाट उतरून रोहिणखेडला गेलो. सीताफळं पिकली होती, दादानं एकालाही हात लावला नाही. खलिफा जुन्या मशिदीच्या भिंतीला टेकून उन्हात बसले होते. भिंतीचा दगड तापलेला होता आणि त्याला चुन्याचा आणि कबुतरांचा वास येत होता. त्यांना डोळ्यांनी फार दिसत नव्हतं. दादानं फेटा त्यांच्या हातांवर ठेवला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, नाकाशी नेला, पुन्हा चाचपला.

"खोबऱ्याचं तेल लागलं ह्याले," ते म्हणाले. "आन सुई बी लागली. कोनाच्या डोक्यावरून आला हा?"

दादानं सारं सांगितलं. माझी कुजबूज तेवढी त्यानं सांगितली नाही. खलिफा ऐकत होते, मग त्यांना हसू आलं. एवढ्या मोठ्या साहेबाला फेटा बांधता येत नाही म्हणून शिवून आणला, याची त्यांना फार गंमत वाटली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी ती दोनदा सांगितली. आम्हाला ज्वारीची भाकर आणि ठेचा खायला घातला. फेटा रातभर ठेवला. सकाळी तो परत देताना ते दादाला म्हणाले, "माह्याकडून झालं, बेटा. पन तुले म्या नाई शिकवलं. ज्यानं शिकवलं तो जाने."

पुनवेच्या सकाळी दादा फेटा घेऊन वस्तादांच्या दारात उभा राहिला. ते बाहेर आले, त्यांनी फेट्यावर हात ठेवला, खलिफांची तब्येत विचारली. मग म्हणाले, "औंदा नाई. पुढच्या दसऱ्याले पाहू."

ते एक वर्ष मला सगळ्यांत जास्त आठवतं. तसं त्या वर्षात काही झालं नाही. मी शाळेतून सुटीला यायचो आणि दादा वस्तादांच्या मळ्यात दिसायचा. मोट हाकायचा, वांगी तोडायचा, पाणी वळवायचा. वस्ताद त्याला कामापुरतं सांगत, पट्ट्याचा विषय काढत नसत. हरभऱ्याच्या दिवसांत दादाच्या हातांना आंबट वास यायचा, उन्हाळ्यात मोटेच्या ओल्या कातड्याचा. आखाड्यात कोणी उतरत नव्हतं, पण दादा रोज सकाळी हौदातली, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यातली, माती खालीवर करी, तिच्यावर पाणी शिंपडी. नागपंचमीच्या आधी तो दारोदार जाऊन ताक मागून आला. लोक म्हणाले, आखाडा बंद, मग माती कोणासाठी? दादा लोटी पुढे धरून उभा राहायचा. देत सगळे. वस्ताद वाफ्यातून बघत असत. एकदा त्यांनी तिथूनच सांगितलं, की हळद कमी पडली. दादानं घरी येऊन ते मला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा होता, की मी पुढे कधी तसा पाहिला नाही.

भाद्रपदात वस्तादांना ताप आला. आठव्या दिवशी त्यांनी दादाला बोलावून फेटा आणायला सांगितलं. दुपारची वेळ होती. घरात कांद्याच्या आढीचा वास भरलेला. वस्ताद बाजेवर उठून बसले, दादा जमिनीवर त्यांच्याकडे पाठ करून बसला. मी दारात होतो. वस्तादांनी कापडाचं टोक दादाच्या कानामागे धरलं आणि पहिला वेढा घेतला. तो सरळ बसला. दुसरा थोडा सैल झाला. तिसऱ्यासाठी त्यांनी कापड उचललं आणि तसंच धरून राहिले. मग हात खाली आला.

"दमलो बे," ते म्हणाले. "बाकीचे उद्या."

दुसऱ्या दिवशी त्यांना शुद्ध नव्हती. चौथ्या दिवशी ते गेले.

दादानं तो फेटा पुढे कधी डोक्याला लावला नाही, आणि दुसरंही काही लावलं नाही. टोपी नाही, पागोटं नाही. त्याच्या मुलीच्या लग्नात व्याही रुसले, मांडवात बापाचं डोकं बोडकं म्हणजे अपशकुन. दादानं हात जोडून सांगितलं, की माझे दोन वेढे झालेले आहेत, बाकीचे राहिलेत, मधेच दुसरं कसं घालू? व्याह्यांना त्यातलं काही कळलं नाही. शेवटी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं समजूत घातली आणि लग्न लागलं.

गडी त्याच्याकडे यायचे. त्यानं शिकवलं, पण हौदात नाही, नदीच्या वाळूत. कुणी वस्ताद म्हटलं तर तो उत्तर देत नसे. दसऱ्याला त्यानं कोणाचं नाव घेतलं नाही. एका वर्षी त्याच्या सर्वांत चांगल्या गड्यानं धीर करून विचारलं, नारायणभाऊ, माझ्यात काही कमी आहे का? दादा म्हणाला, "काईच कमी नाई. पन फेटा घेऊन तू माह्याकडं येशीन. मंग मी तो कोनाकडं नेऊ?" तोवर खलिफाही गेले होते. तो गडी दुसऱ्या गावच्या तालमीत गेला. हळूहळू वाळू रिकामी झाली.

मी शिक्षक झालो. चाळीस वर्षं मुलांची नावं वाचली, बक्षिसं दिली. एका दिवाळीला, आम्ही दोघं म्हातारे झाल्यावर, मी त्याला म्हणालो की डोकं वाकव असं मीच म्हटलं होतं. तो सुपारी कातरत होता. हात न थांबवता म्हणाला, "म्हटलं तू. वाकलो तं मीच ना बे?" आणि त्यानं कातरलेली सुपारी माझ्या हातावर ठेवली.

गेल्या महिन्यात तो गेला, तेव्हा मी पोचेपर्यंत त्याला अंगणात आणून ठेवलं होतं. त्याच्या मुलानं पेटीतून फेटा काढला होता आणि बांधायला सुरुवात करणार होता. जमलेले लोकही म्हणत होते, जन्मभर बोडका राहिला, आता तरी घाला. मी पुतण्याच्या हातातून फेटा घेतला. इतक्या माणसांत मी पूर्वी नावं वाचली होती, स्वतःचं असं कधी मोठ्यानं बोललो नव्हतो. मी म्हणालो, "डोक्याला नाही. हातांवर."

दादाचे हात छातीवर होते. मी ते सोडवून तळहात वर केले, एकाशेजारी एक. बोटं ताठली होती, थोडा वेळ लागला. फेट्याची घडी केली आणि त्यावर ठेवली. कोणीतरी विचारलं, ही कुठली रीत? मी सांगितलं. या वेळी मी सगळं सांगितलं, खलिफांपासून, आणि लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्याला तसंच उचललं. फेटा त्याच्याबरोबर गेला.

मी नदीकाठी उतरलो त्या सकाळी वस्तादांचा नातू वाफ्यात मेथी कापत होता. त्यानं मला ओळखलं आणि बोलता बोलता एक गोष्ट सांगितली. साऱ्या मळ्यात बी एकच, पाणी एकच, पण आजाचा आखाडा होता त्या चौकोनात मेथी दुपटीनं येते. जमिनीतच काहीतरी आहे, तो म्हणाला.

"ताक आहे," मी म्हणालो.

"ताक? कोनं टाकलं?"

"गावानं."

त्याला ते खरं वाटलं नसावं. त्यानं एक जुडी बांधून मला दिली आणि पुन्हा विळा हातात घेतला. हौदाची कड आता दिसत नाही. आखाड्याच्या जागी मेथी आहे, आणि ती दाट येते.